कोरी म्हणून विकलेली मशीन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या बाबतीत सगळा घोळ झाला तो हे न सांगितल्यामुळेच.

माझी उमेदीची वर्षं एका शिंपीकाकांच्या दुकानात गेली. शाळेचे गणवेश, दवाखान्यातले पडदे, कोणाच्या पँटची उसवलेली शिवण, सगळं माझ्या सुईखालून गेलं. काका गिऱ्हाइकांपुढे माझं तोंडभरून कौतुक करत. पुढे त्यांची नजर अधू झाली, दुकान बंद पडलं आणि त्यांच्या मुलानं मला एका व्यापाऱ्याला देऊन टाकलं.

व्यापाऱ्यानं माझ्या काळ्या रंगावर चकचकीत निळा रंग चढवला. कापड पुढे सरकवणारे माझे दाते झिजले होते, ते मात्र तसेच ठेवले. मग दुसऱ्याच एका मशीनचा फोटो ऑनलाइन टाकून खाली लिहिलं, ‘कोरी करकरीत’.

अशी मी एका ताईच्या घरी पोचले. कारखान्यातली नोकरी सोडून तिनं घरीच शिवणकाम सुरू केलं होतं. पहिलंच काम हाती आलं होतं, शेजारच्या वहिनींच्या लेकीचा झगा. ताईनं खोकं उघडून मला हलक्या हातानं टेबलावर ठेवलं. किती दिवसांनी माझ्या चाकावरून कोणाचा तरी हात फिरला. वाटलं, आपल्याला पुन्हा घर मिळालं.

पण माझ्याच्यानं कापड पुढे सरकवेना. दोरा गुंतला आणि झग्याचं तलम कापड टर्रकन फाटलं. ताईनं सुईखालची पट्टी काढून पाहिली. आत दाते झिजलेले होते आणि निळ्याच्या कडेनं जुना काळा रंग डोकावत होता.

मग तिनं व्यापाऱ्याला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “मॅडम, खोकं उघडलं की माल परत घेत नाही.”

“मग न उघडता आत काय आहे ते कळणार कसं?” ताईनं विचारलं. फोन कट झाला.

“जाऊ दे गं,” तिचा भाऊ म्हणाला. “तेल घालून बघ. कुठे त्यांच्या मागे लागतेस?”

“दादा, मला जुनीसुद्धा चालली असती. दाते बदलून घेतले असते. पण जुनी आहे असं सांगायला नको का?”

जाहिरात तिनं फोनमध्ये जपून ठेवली होती. माझे सगळ्या बाजूंनी फोटो काढून तिनं ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आणि तिचा पाठपुरावा सोडला नाही. तोवर नवं कापड आणून झगा हातानंच शिवला. मी शेजारी नुसती बसून होते.

शेवटी व्यापाऱ्याला सगळे पैसे द्यावे लागले आणि मला परत न्यावं लागलं. ताईला न्याय मिळाला. जाताना तिनं मला फडक्यानं पुसलं. “तुझा काय दोष?” एवढंच म्हणाली आणि खोकं बंद केलं.

आता मी गोदामात आहे. इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. काल खोक्याबाहेर आवाज ऐकू आला, “ही परत आलीय. काय करू?”

“दे पुन्हा विकायला. फोटो तोच राहू दे.”

मित्रांनो, उद्या कदाचित मी तुमच्याच दारात येईन. मला कोणाकडे तरी राहायची फार ओढ आहे, पण त्या ओढीकडे पाहू नका. जाहिरात जपा, वस्तू नीट तपासा. सांगितलं एक आणि आलं भलतंच, तर मुकाट्यानं सोसू नका. मला परत पाठवा.

आणि कोणी ‘जुनी आहे, दाते बदलावे लागतील’ असं खरं सांगून मला विकायला काढलं, तर मात्र मला घेऊन जा. मी वाट बघतेय.