रिकामं परत यायचं नाही

मी शालनकाकूंचा कडीचा डबा बोलतोय. डब्याला कसलं आलंय बोलणं, असं म्हणू नका. ज्याच्या पोटात इतक्या घरांचे पदार्थ जाऊन आले, त्याच्या पोटात चार गोष्टीही राहतातच. आणि शालनकाकूंच्या घरात तीस वर्षं काढल्यावर न बोलता राहणं कोणालाच जमत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पहिली आठवण आहे ती रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानाची. काकूंच्या मामांनी मला उलटा करून टिचकी मारून बघितलं, "पत्रा जाड आहे" म्हणाले, आणि दुकानदाराने यंत्राची सुई माझ्या पोटावर टर्रर्र फिरवून नाव घातलं. 'चि. सौ. कां. शालन हिस मामांकडून, १२-५-९५.' फार गुदगुल्या झाल्या हो. नाव घालतात ते भांडं हरवू नये म्हणून. म्हणजे भांड्याने घराबाहेर जायचं असतं, हे मला तेव्हाच कळलं.

आम्ही राहतो बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर. श्यामकाका मार्केट यार्डात गुळाच्या पेढीवर कामाला आहेत, त्यामुळे घरात गूळ कायम चांगला. काकूंनी केलेलं काहीही पहिल्यांदा माझ्यात भरायचं आणि कोणाच्या तरी दारात पोचवायचं, हा नेम. डबा द्यायला जायचं हे निमित्त. दारातून आत नजर टाकून सोफा नवा घेतलाय का, पाहुणे कोण आलेत, हे बघून यायचं ही खरी कामगिरी. ती आम्ही दोघं मिळून करायचो.

आणि आमच्यात एक रीत आहे. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा नाही. माझ्यातून चकल्या गेल्या तर चिवडा परत आला, शिरा गेला तर पेरू परत आले. पोट भरून जायचं आणि पोट भरून यायचं, याच्यापेक्षा डब्याला काय हवं असतं?

तीन वर्षांपूर्वी समोरच्या फ्लॅटमध्ये वल्लरी आणि आमोद राहायला आले. दोघंही खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. पहिल्याच दिवशी मी पोहे घेऊन गेलो. परत येताना माझ्यात बिस्किटं होती, पुड्यासकट. "पोरीला स्वयंपाक येत नाही, पण वळण आहे," काकू म्हणाल्या. तेव्हापासून आमचं त्या दाराशी जमलं.

आता मागच्या वर्षीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मागच्या वर्षी वल्लरीला फोडणीचा वास सहन होईना. एवढं पुरलं. काकूंनी ओळखलं आणि तीन महिने व्हायच्या आत कोणाला सांगायचं नसतं हे माहीत असून दुसऱ्या मजल्यावरच्या श्यामलाताईंना सांगितलं. फक्त त्यांनाच. संध्याकाळपर्यंत पार्किंगमधली माणसंसुद्धा वल्लरीचं अभिनंदन करत होती. पुढच्या आठवड्यात ती सोनोग्राफीला गेली, आणि ते बाळ राहिलं नाही. बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला एक संध्याकाळ लागली होती. ती पुसायला मात्र दोन महिने लागले. जिन्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "काय, कितवा आता?" आणि वल्लरी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगायची.

मी तेव्हा त्यांच्याच ओट्यावर होतो. एके दिवशी आमोदने मला घासलं, पुसलं आणि आमच्या दारात आणून दिलं. "काकू, तुमचा डबा." एवढंच बोलून गेला. काकूंनी झाकण उघडलं. आत साखरेचा कण नव्हता. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा रिकामा परत आलो होतो.

काकू स्टुलावर बसल्या. "अहो, मी सांगायला नको होतं."

"तीस वर्षं मी हेच म्हणतोय," श्यामकाका पेपरातून म्हणाले. मग त्यांनी वर बघितलं, पेपर ठेवला आणि स्वतः उठून चहा टाकला. त्या चहात साखर नव्हती, पण काकू काही बोलल्या नाहीत. त्यावरून काय ते समजा.

मला वरच्या फळीवर, पुरणयंत्राच्या मागे ठेवलं. दहा महिने मी तिथे काढले. धूळ बसली. माझ्यापेक्षा वाईट अवस्था काकूंची होती, कारण या वर्षी त्यांना पुन्हा सगळं दिसत होतं आणि बोलायचं नव्हतं. श्यामलाताईंनी एकदा विचारलं, "समोरचीचं काही आहे का गं?" तर काकू म्हणाल्या, "मला काय माहीत." श्यामलाताई घाबरून श्यामकाकांना विचारायला आल्या, शालनला बरं नाहीये का म्हणून.

आणि मग एका शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात वल्लरी. फळीवरून मला दार नीट दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"काकू, तुम्हाला कळलंय ना?"

"काय ते?"

"काकू."

"पाचवा," काकू एका दमात म्हणाल्या. "तू दोन महिने जिना सोडून लिफ्टनेच येतेस. ऑफिसच्या गाडीत पुढे बसतेस. आणि आमोद हल्ली बूट आवाज न करता काढतो. पण मी कोणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. श्यामलालासुद्धा नाही. विचार हवं तर."

वल्लरी हसली. मग तिचा आवाज बारीक झाला. "उद्या साडेदहाला सोनोग्राफी आहे. पाचव्या महिन्यातली मोठी. बाळाचा एकेक अवयव बघतात. मी आठ दिवस फोनवर नको नको ते वाचतेय. मागच्या वेळी डॉक्टर बोलता बोलता एकदम गप्प झाल्या होत्या. तेव्हाच मला कळलं होतं. आता कोणी गप्प झालं की माझ्या छातीत धडधडतं. आणि आमोद चार दिवस गप्प आहे. त्यालाही भीती वाटतेय, पण माझ्यासमोर दाखवायची नाही म्हणून तो बोलतच नाही. तुम्ही याल सोबत?"

"मी येऊन काय करू गं?"

"बोला. काहीही बोला. फक्त थांबू नका."

आता मला सांगा, शालनकाकूंना बोलायला बोलावणं, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं होतं? 'जरा थांबा' सगळे सांगायचे. वल्लरी गेल्यावर काकूंनी दार लावलं. मग स्टूल ओढलं, पुरणयंत्र बाजूला केलं आणि मला खाली काढलं. गरम पाण्याने आंघोळ घातली. कणीक तुपात खमंग भाजली, यार्डातला पिवळाधमक गूळ किसून घातला, आणि गुळपापडीच्या वड्या माझ्यात रचल्या. "रांगेत बसायचं म्हणजे पोटाला आधार हवा," त्या मला म्हणाल्या. डब्याशी बोलतात त्या. म्हणून तर मी शिकलो.

शनिवारी रिक्षात मी काकूंच्या मांडीवर. काकूंनी बिबवेवाडीपासून जे सुरू केलं ते थांबल्याच नाहीत. श्यामलाताईंच्या बहिणीचा घटस्फोट झाला नाही ती हकीकत, वाण्याने तूरडाळीत केलेली चलाखी, स्वतःच्या बाळंतपणात डॉक्टर सुट्टीवर आणि सासूबाई पत्ते खेळायला गेलेल्या. सिग्नलला रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मग पुढं काय झालं?" वल्लरी हसली. आमोद मात्र बाहेर बघत होता. त्याचा गुडघा इतका हलत होता की माझी कडी वाजत होती.

सोनोग्राफी सेंटरमध्ये समोरच मोठा बोर्ड, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' आमोदने तो सहा वेळा वाचला. काकू म्हणाल्या, "पाठ झाला असेल तर बस जरा." फॉर्म भरून झाले, सह्या झाल्या, नाव पुकारलं. दोघं आत गेले. बाहेर काकू आणि मी.  वीस मिनिटं काकू बोटांनी माझं झाकण नुसतं घट्ट करत राहिल्या, आधीच घट्ट असलेलं.

दार उघडलं. वल्लरी बाहेर आली ती पांढरीफटक.

"झालं नाही," ती म्हणाली. "बाळ पालथं झोपलंय. हृदय नीट दिसत नाही म्हणाल्या. अर्धा तास फिरून या, काहीतरी गोड खा, मग परत बघू. काकू, असं उगाच सांगतात का? काहीतरी दिसलं असणार त्यांना."

काकूंनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्द सापडेना. खरंच सांगतो. नको तिथे नको ते बोललेली बाई योग्य वेळी अडकली. मी मनात म्हटलं, अहो बोला, यासाठीच आणलंय तुम्हाला.

शेजारच्या खुर्चीवर हुस्नबानू नावाच्या एक बाई सुनेला घेऊन आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "आमच्या अरिबालाही आत्ताच फिरवलं दोन वेळा. विचारा तिला. बाळं काय डॉक्टरच्या घड्याळावर उठतात होय?"

अरिबाने मान डोलावली. "माझं तर तोंडावर हात घेऊन बसलेलं. दुसऱ्यांदा फिरून आल्यावर दिसलं सगळं."

"बघ," काकूंना एकदम कंठ फुटला. "आणि गोड खा म्हणाल्या ना? मग डबा कशाला आणलाय मी?"

झाकण उघडलं. गुळपापडीचा वास त्या औषधी वासाच्या खोलीत असा पसरला, की रिसेप्शनवरच्या मुलीनेही मान वर केली. दोन वड्या वल्लरीला, एक आमोदला, मग हुस्नबानूंना, अरिबाला, त्या मुलीला. मग वल्लरी मला हातात घेऊन बोळातून फेऱ्या मारायला लागली. शेजारून काकू चालू. या टोकाला वाण्याची तूरडाळ, त्या टोकाला सासूबाईंचे पत्ते. अकराव्या फेरीला वल्लरी थांबली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "हललं."

"गुळाचा आहे तो गुण," काकू म्हणाल्या.

पुन्हा नाव पुकारलं, आणि वल्लरी तशीच आत गेली. मी तिच्या हातातच राहिलो. म्हणून पुढचं मी प्रत्यक्ष बघितलं, जे काकूंनाही बघायला मिळालं नाही.

खोलीत अंधार. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत माप घेत होत्या, आणि अगदी गप्प. वल्लरीने माझी कडी घट्ट धरली होती. तिचा हात थरथरत होता, त्यामुळे मी वाजायला लागलो.

"काय वाजतंय?"

"डबा आहे," वल्लरी म्हणाली. मग धीर करून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही गप्प राहू नका ना. मागच्या वेळी असेच गप्प झाले होते सगळे."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "अहो, मी माप घेताना गप्पच असते. लक्ष चुकतं माझं. सांगायचं नाही का आधी? बोलत बोलत करू या." आणि त्या दाखवायला लागल्या. "हा मणका, सरळ आहे. या दोन किडन्या. हे पोट. हा पाय, लाथ मारतोय बघा. आणि हे हृदय. आता छान वळलंय. हे चार कप्पे."

"चार?" आमोद म्हणाला. चार दिवसांतला त्याचा पहिला शब्द. "चारही आहेत?"

"चारच असतात हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि चारही व्यवस्थित आहेत. आज जे बघायचं होतं ते सगळं बघितलं. सगळं छान आहे."

कप्पे म्हटल्यावर मला आपल्यातलंच कोणीतरी भेटल्यासारखं झालं. चार कप्प्यांचा एवढासा डबा, आणि तो आत्तापासून वाजत होता. टकटक, टकटक. डॉक्टरीणबाईंनी आवाज मोठा केला तेव्हा आमोदने चष्मा काढून पुसला. वल्लरीच्या हातातून माझी कडी सुटली. मला कुठे ठेवलं, ते तिला कळलंही नाही.

बाहेर काकूंनी दोघांचे चेहरे बघितले आणि काही न विचारता आधी हुस्नबानूंचे हात धरले. उरलेल्या वड्या तिथेच वाटल्या गेल्या. मी रिकामा झालो, आणि वल्लरी म्हणाली, "डबा माझ्याकडे राहू दे, घासून देते."

मी पुन्हा त्यांच्या ओट्यावर. खोटं कशाला बोलू, मला मागचं आठवलं. पण रविवारी सकाळी वल्लरीने मला पुसून कोरडं केलं, आत काहीतरी हलकंसं ठेवलं आणि आमची बेल वाजवली.

काकूंनी झाकण उघडलं. आत सोनोग्राफीचा काळापांढरा फोटो होता.

"रिकामा कसा देणार?" वल्लरी म्हणाली.

काकूंनी फोटो उलटा धरला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा. "हे नाक ना? आमोदवर गेलंय."

"काकू, तो गुडघा आहे."

"मग गुडघा आमोदवर गेलाय." काकूंनी फोटो आत ठेवून झाकण लावलं. "मी कोणालाही दाखवणार नाही हं. शपथ."

वल्लरी दाराला टेकून हसली. "दाखवा. श्यामलाताईंपासून सुरुवात करा. संध्याकाळपर्यंत पार्किंगमध्ये पोचलं पाहिजे."

"ऐकलंत का?" काकू आत ओरडल्या. "परवानगी मिळाली."

"आता बिल्डिंगचं काही खरं नाही," श्यामकाका म्हणाले, पण चप्पल घालून तेही बरोबर निघाले. त्या दिवशी मी पाचही मजले फिरलो. तोळाभराचंसुद्धा ओझं नव्हतं पोटात, पण इतका भरलेला मी लग्नातही नव्हतो.

आता माझ्या बुडाला पोचा आहे, कडी एका बाजूने ढिली झाली आहे आणि मामांनी घातलेलं नाव घासून अर्धं गेलंय. फळीवर मात्र मी पुन्हा गेलो नाही. श्यामकाकांनी डिंक आणून ठेवलाय, लाडवांचा पहिला घाणा माझ्यातूनच जाणार आहे.

जाता जाता एक मागणं. तुमच्या ओट्याखाली शेजारचा एखादा डबा परत जायचा राहिला असेल. काय घालावं, काय बोलावं, हे सुचत नाही म्हणून राहिला असेल. चिमूटभर साखर घाला आणि बेल वाजवा. पुढचं डबा बघून घेईल. मी निघतो, समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि काकूंनी हात पुसलेसुद्धा.