अयोध्याच्या करंड्यातल्या गोळ्या

मी पितळेचा करंडा बोलतोय. जन्मलो तेव्हा तरी कुंकवाचाच होतो. अयोध्याच्या लग्नात तिच्या आईनं मला कंधारच्या बाजारातून आणलं. सकाळी अंघोळ झाली की अयोध्या माझं झाकण उघडायची आणि तिचा नवरा अंगदराव उगीचच आरशात डोकावून तिला चिडवायचा. तेव्हा मला वाटायचं, जन्म सत्कारणी लागला.

मग भूकंप झाला. अंगदराव घराच्या ढिगाऱ्याखाली गेला. मी सापडलो, पण झाकण चेपलेलं. अयोध्यानं मला घासूनपुसून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. कुंकू गेलं, नक्षीच्या खाचांत तेवढी लाली राहिली.

ती लातुरात आली, लोकांकडे पोळ्या लाटू लागली. पुढं गावात क्लासेसचं पेव फुटलं. कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली आणि अयोध्यानं पोरींसाठी खोल्या आणि खानावळ सुरू केली. आईबाप पोरीला तिच्या हवाली करून निर्धास्त परत जायचे. "मावशी लई खमकी हाय," म्हणायचे. या खमकेपणाचा तिला भारी अभिमान.

म्हणून तर बीपी निघालं तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशीच आजारी म्हटल्यावर पोरी कोण ठेवणार? रोजच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. तिनं त्या पाकिटांतून सोडवल्या आणि माझ्यात ओतल्या. विधवेच्या करंड्यात हात घालायला कोण येतंय! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला उघडलं, याचाच मला आनंद. खरं तर लाज वाटायला हवी होती.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. "आता दोन्ही औषधं या एकाच गोळीत आहेत. जुन्या बंद करा," असं त्यांनी बजावलं. अयोध्यानं मान हलवली, पण तिचा जीव पोरींच्या डब्यात अडकलेला. घरी येऊन तिनं माझं झाकण उघडलं. उरलेल्या गोळ्या टाकवेनात. ज्या घरात शिळी भाकरीसुद्धा कुस्करून फोडणीला घालतात, तिथं चांगलं औषध फेकायचं कसं? "हायेत त्या संपवू की," ती स्वतःशीच म्हणाली. नवी गोळीही माझ्यातच आली. आता सकाळी ती जुन्या दोन्ही घ्यायची आणि वर नवीही. उठताना गरगरायला लागलं, तरी कुणाला सांगितलं नाही.

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची सकाळ होती. अयोध्या खाली बसून पोळ्या लाटत होती. भाजी करपल्याचा वास आला म्हणून झटकन उठली आणि तिच्या पायाखालची फरशी डुलली.

"भुई हालली! पोरींनो, भायेर पळा!"

पोरी अनवाणी धावल्या. बिलोलीची श्रद्धा जिन्यात पडली आणि उजव्या मनगटावर आपटली.

बाहेर गल्ली निवांत होती. समोरच्या टपरीवाल्या नरसिंगच्या हातातला चहासुद्धा सांडला नव्हता. माझी ट्रंक खिडकीखालीच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"भूकंपातली बाई हाय," नरसिंग हळहळला. "धसका बसलाय बिचारीला. अजून निघंना."

भुई हलली नव्हती, हे एव्हाना अयोध्याला कळून चुकलं होतं. तरी तिनं डोळ्याला पदर लावला आणि गप्प राहिली. अंगदरावाच्या मरणाआड ती लपली. मीही तिचंच पाप पोटात घेऊन बसलो होतो, तिला काय म्हणणार?

श्रद्धानं मनगट बांधून पेपर दिला. परत आली ती थेट अयोध्याजवळ बसली. "मावशी, रडू नका. तुम्ही एवढं सोसलंय. तुमचा काय दोष?"

ही दया अयोध्याला सोसली नाही. तिनं ट्रंक उघडली आणि मला पोरीपुढं ठेवलं.

"धसका न्हाई बाई, ह्या गोळ्यांची चक्कर हाय. लपवून खात होते मी."

श्रद्धानं तिला आणि मला लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी झाकण काढलं. सगळ्या गोळ्या एकमेकींत मिसळलेल्या, जुन्या कुंकवानं लालसर झालेल्या. कुठली कोणती, कळायला मार्ग नव्हता. मग अयोध्यानंच सांगितलं, रोज जुन्या दोन्ही आणि वर नवीही.

"अहो, तीच औषधं तुम्ही दोन-दोनदा घेत होता! एखाद्या दिवशी पडून डोकं फुटलं असतं," त्या म्हणाल्या. "गोळी पाकिटातच ठेवायची, रोज ठरल्या वेळी घ्यायची. मनानं वाढवायची नाही, बंदही करायची नाही. उठायचं ते सावकाश. आणि गरगरलं तर लपवायचं नाही, मला सांगायचं." 

श्रद्धाचे मार्क थोडक्यात हुकले. हातामुळं हुकले, असं ती कधी म्हणाली नाही. तिची आई सिंधू सामान न्यायला आली, तेव्हा अयोध्यानं स्वतःच तिला सगळं सांगितलं. सिंधूनं पोरीचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "पुढच्या वर्षीबी हितंच ऱ्हाईल ती. पर गोळी तिच्यासमोर घ्यायची."

आता पाकीट स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसेल असं टांगलेलं आहे आणि मी देवापाशी आहे, पुन्हा कुंकू भरलेला. बायांनो, माझ्यासारख्याच्या पोटात औषध ठेवू नका. झाकण चेपलेलं असूनही मी किती लपवलं, ते पाहिलंत ना!

यंदाच्या परीक्षेच्या सकाळी श्रद्धानं मला उचलून अयोध्यापुढं धरलं. "मावशी, तुम्हीच लावा." अयोध्या मागं सरली, पण पोरगी हलेना. शेवटी अयोध्यानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मला धरलेल्या त्या मनगटाकडे मात्र तिला पाहवलं नाही.