एकशे बारा खरे फॉर्म

फाटकावर ‘डॉ. प्रेमलता’ अशी पाटी लागली तेव्हा आमच्या यांनी तिला झेंडूचा हार घातला होता. मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा दिसत होता तो. मी बोलूनही दाखवलं, पण ऐकेल कोण! आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या गल्लीत औषधाचा डॉक्टर एकही नाही, म्हणून शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी गुडघा दाखवायला आल्या. “काकू, मी व्यवस्थापनाची डॉक्टर आहे,” म्हटलं. “मंग काय कामाची?” म्हणाल्या आणि परत गेल्या. तेव्हा मी पोट धरून हसले. आज वाटतं, म्हातारीचं निदान अचूक होतं.

मी एमबीएच्या पोट्ट्यांना शिकवते, बारा वर्षं झाली. पीएचडी नाही तर बढती नाही, हे कॉलेजनं पाच वर्षांपूर्वी तोंडावर सांगितलं, आणि मी विषय घेतला: खासगी दवाखान्यातल्या कंत्राटी बायका काम कशा शिकतात. आपण ज्यांना सरसकट ‘मावशी’ म्हणतो ना, त्या. पेशंटची कूस बदलतात, बेडपॅन देतात, सांडलेलं रक्त पुसतात. त्यांना हे शिकवतं कोण? विषय चांगला होता, हे मी अजूनही म्हणते. विषयाचा काही दोष नाही.

गाईड सर म्हणाले, तीन दवाखाने घ्या, तीनशे फॉर्म पाहिजेत. एका दवाखान्यानं लगेच परवानगी दिली. अट एकच, प्रबंधाची एक प्रत त्यांना द्यायची. बाकीचे दोघं “मॅडम, पुढच्या आठवड्यात या” म्हणत सात महिने मला खेळवत राहिले.

त्या पहिल्या दवाखान्यात सुभद्रा भेटली. चाळिशीची, दहावी पास, कामठीहून शेअर ऑटोनं यायची. “जयभीम मॅडम,” म्हणाली, “बऱ्याच जणीले वाचता नाही येत. तुम्ही फॉर्म ठेवून द्या, मी एकेकीले वाचून दाखवते अन् भरून घेते.” मला आयतीच मदत मिळाली. मी तिला समजावलं, वाक्य वाचायचं, मग एक ते पाचमधल्या आकड्यावर खूण करायची. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी हो.

“एक म्हणजे खराब?” तिनं डोळे मोठे केले. “पण शाळेत तं पहिला नंबरच चांगला राह्यते, मॅडम.”

मी हसले. तिनं मात्र दोनदा म्हणून घेतलं, एक म्हणजे नाही, पाच म्हणजे हो. आठ दिवस ड्युटी संपल्यावर ती दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसली आणि तिनं एकशे बारा बायकांचे फॉर्म भरून दिले. डबाभर संत्राबर्फीत मी तिचे उपकार फेडून मोकळी झाले.

फॉर्ममध्ये सगळीकडे एक किंवा दोन. ‘मला माझे काम नीट शिकवले गेले आहे’, एक. ‘चूक झाल्यास कोणाला विचारावे हे मला माहीत आहे’, एक. त्यांना दर बुधवारी एक तास शिकवणी होती, एक जुन्या सिस्टर घ्यायच्या, तेवढंच काय ते शिक्षण. तो तास दोन व्हावा आणि वर्षाअखेर काही कागद मिळावा, म्हणजे वॉर्ड असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करता येईल, एवढीच त्यांची मागणी होती. सुभद्रानं मला हे बोलून सांगितलं होतं. मी मानही हलवली होती.

मुदत संपायला बारा दिवस राहिले आणि माझ्याकडे एकशे अठ्ठ्याऐंशी फॉर्म कमी. गाईड सर म्हणाले, “बघा काहीतरी.” आता ‘बघा काहीतरी’चा अर्थ आमच्या क्षेत्रात शेंबड्या पोरालाही कळतो. रविवारी जेवणं झाल्यावर मी त्या दोन दवाखान्यांच्या नावाचे कोरे फॉर्म टेबलावर मांडले. हे म्हणाले, “आण इकडं. सगळेच करतात, तूच काहून रडून राहिली?” माझी रितिका बारावीला. ती म्हणाली, “आई, ही चीटिंग नाही का?” मी खेकसले तिच्यावर, “तुला पोसायलाच करून राहिले ना!” मग तिनंही चाळीस भरले.

आणि आम्ही चार आणि पाच भरले. मुद्दाम. सगळ्यांचंच उत्तर ‘नाही’ आलं तर गणितात तपासायला उरतं काय? सर म्हणाले होते, आकड्यांत फरक दिसला पाहिजे. तर फरक दिसला. तीनशेपैकी त्रेसष्ट टक्के बायकांना शिक्षण पुरेसं वाटतं, असा निष्कर्ष निघाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले, “फारच आशादायक चित्र आहे.” मी पेढे वाटले.

आठ महिन्यांनी, असंच एका रविवारी, सुभद्रा दारात उभी. कॉलेजच्या शिपायाकडून पत्ता काढून आली होती. मी चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाली, सोफ्यावर बसायलाही नको. मोबाईल पुढे केला. दवाखान्याच्या नोटीस बोर्डाचा फोटो होता. ‘डॉ. प्रेमलता यांच्या संशोधनानुसार ६३ टक्के कर्मचाऱ्यांना सध्याचे प्रशिक्षण पुरेसे वाटते. सबब बुधवारचा वर्ग बंद करण्यात येत आहे.’

खरं सांगते, उत्तर माझ्याकडे तयार होतं. बाकीच्या दोन दवाखान्यांतल्या बायकांनी ‘हो’ म्हटलं असेल बाई, असं सांगून मला सुटता आलं असतं. पण तीच आधी बोलली.

“मॅडम, मी उलटे भरले का वो?”

“म्हणजे?”

“एक म्हणजे चांगलं, असं समजून भरत गेली असन मी. पहिला नंबर म्हणून. मले तं तुम्ही सांगितलेलं आठवते, पण मंग असं कसं आलं? सगळ्या म्हणतात, तुनं साहेबायले खूश कराले लिहिलं. कोणी बोलत नाही माझ्याशी. सासूले दवाखान्यात भरती केलं तं एकीनंही ड्युटी बदलून नाही देली. आठ दिवसाची झोप नाही, मॅडम. सांगा नं, मीच चुकली का?”

आणि मी काय म्हटलं? हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. मी म्हटलं, “होऊ शकतं गं. होतं असं कधी कधी.”

जीभ झडायला हवी होती माझी. बाईचा एकेक फॉर्म आरशासारखा स्वच्छ होता, आणि मी माझं पाप उचलून तिच्या पदरात टाकलं. तिनं डोळे पुसले. वर मलाच विचारते, “माझ्या चुकीनं तुमच्या पीएचडीले तरास तं नाही झाला नं?”

“नाही, नाही.”

“मंग एक करा, मॅडम. एकदा येऊन सगळ्याइले सांगा, का चुकून झालं म्हणून. मुद्दाम नाही केलं. माझं कोणी मानत नाही, तुमचं मानतीन.”

मी मंगळवारी येते म्हणाले. ती पाया पडायला वाकली आणि मी चटकन मागे सरकले. तेवढी तरी लाज शिल्लक होती म्हणायची.

ती गेल्यावर हे आतून बाहेर आले. सगळं ऐकलं होतं. “दोन मिनिटांचं काम आहे,” म्हणाले, “जा अन् सांगून ये चुकून झालं. दुसरं काही बोललीस तर डिग्री जाईल, नोकरी जाईल, अन् कॉलेजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” खरंच होतं ते. रितिका ताटात वरण-भात घेऊन बसली होती, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. त्या पोरीनं आपल्याला काय ओळखलं असेल, या विचारानं मी तिच्यासमोर जेवायला बसलेच नाही. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर डाफरत होते. खाई त्याला खवखवे!

मंगळवारी दोन वाजता, पाळी बदलते तेव्हा, मी दवाखान्याच्या मागे गेले. लाँड्रीच्या पायऱ्यांवर वीसेक बायका डबे उघडून बसल्या होत्या. सुभद्रा एकटी, बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी. मला पाहून ती धावत आली, कुठून तरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, ओढणीनं पुसली. बाकीच्या बसल्या जागीच राहिल्या. शोभाताई म्हणून पन्नाशीच्या एक होत्या, सगळ्यांत जुन्या. त्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, “आल्या का वकीलबाई.”

“मी सांगायला आले आहे,” मी सुरुवात केली, “की तुमच्या फॉर्मच्या बाबतीत सुभद्राकडून...”

पुढचं वाक्य पाठ होतं. पण सुभद्रा माझ्या खुर्चीशेजारी मान खाली घालून उभी होती, हात जोडून, आणि मी बोलायच्या आधीच ‘हो’ म्हणून मान हलवत होती. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देत होती बाई, आणि तीही माझ्या भरवशावर. त्या क्षणी मला माझी अशी किळस आली की खुर्चीत बसवेना.

“सुभद्राकडून काहीही चुकलं नाही,” मी म्हटलं. “तिनं भरलेले एकशे बाराही फॉर्म बरोबर होते. तुम्ही नाही म्हटलं होतं, तिनं नाहीच लिहिलं होतं. बाकीचे एकशे अठ्ठ्याऐंशी फॉर्म मी माझ्या घरी बसून भरले. खोटे. त्या आकड्यांनी तुमचा वर्ग बंद झाला. आणि परवा ही माझ्या घरी आली तेव्हाही मी हिला खरं सांगितलं नाही.”

आत कुठेतरी धुण्याचं मशीन घरघरत होतं. आता या मला चपलेनं मारतील, असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सुभद्रानं मान वर केली. “म्हणजे मी बरोबर भरले होते?”

“हो.”

“सगळेच्या सगळे?”

“सगळेच्या सगळे.”

ती आधी हसली आणि मग हमसून हमसून रडायला लागली. “ऐकलं का वं बायांनो! म्हणत होती नं मी! एक म्हणजे नाही, मले पाठ होतं!” काजल नावाची एक तरणी पोरगी डबा तसाच टाकून उठली आणि तिला मिठी मारून स्वतःही रडू लागली. सुभद्रा तिथूनच मला म्हणाली, “बरं झालं मॅडम तुम्ही सांगितलं. लय उपकार झाले.” उपकार! जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

शोभाताई मात्र जागच्या उठल्या नाहीत. “आमच्या बुधवारचं काय?” त्यांनी विचारलं.

“मी दवाखान्याला लिहून देते. विद्यापीठालाही देते. माझं जे व्हायचं ते होवो.”

“ते द्यान तवा द्यान.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “मले एक सांगा. त्या कागदाच्या शेवटी मोकळी जागा होती. आणखी काही सांगाचं आहे का म्हणून. माझं काय होतं तिथं?”

तो प्रश्न मीच टाकला होता, नमुन्याच्या फॉर्मात असतो म्हणून. त्याला आकडा नसतो, त्यामुळे तो गणितात बसत नाही, त्यामुळे मी एकाही फॉर्मातली ती जागा वाचली नव्हती. एकाही नाही. खरे फॉर्मसुद्धा मी वाचले नव्हते, फक्त मोजले होते.

“नाही वाचलं नं?” शोभाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

“मले आठवते,” सुभद्रा डोळे पुसत म्हणाली. “मीच लिहिलं होतं नं. शोभाताईचं होतं, का पेशंट गेला का त्याचे डोळे कसे मिटाचे ते मले कोणी दाखवलं नाही. पहिल्या खेपेले जमलं नाही, अन् त्याची लेक समोर उभी होती. काजलचं होतं, का सुई टोचली तं कोणाले सांगाचं, सांगितलं तं कामावरून काढतीन का. अन् त्या मंदाचं...”

“थांब, थांब सुभद्रा,” मी पर्स चाचपू लागले. “थांब, मला लिहून घेऊ दे.”

“लिहा,” शोभाताई म्हणाल्या. “पण घरी नेऊन नाही. इथंच लिहा, आमच्यासमोर.”

मी खुर्चीवरून उठून पायरीवर बसले. सुभद्रा सांगत गेली आणि मी लिहीत गेले. शोभाताईंना वाचता येत नव्हतं. माझी एकेक ओळ पुरी झाली की त्या सुभद्राला म्हणायच्या, “पाह्य बरं वं, तू सांगितलं तेच लिहिलं का यायनं?” आणि सुभद्रा माझ्या हातातून वही घ्यायची, एकेका शब्दावर बोट ठेवत ती ओळ मोठ्यानं वाचायची आणि मगच मला परत द्यायची.