मायनरचा कौल

आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय फ्रीजसुद्धा येत नाही. बोरीवलीचा हा फ्लॅट, बाबांची विमा कंपनीतली नोकरी, आईचं स्थळ, सगळं मालवणजवळच्या आमच्या गावच्या देवाने पास केलेलं आहे. आई साताऱ्याची. ती अजून म्हणते, "देवाला विचारलं, गुरवाला विचारलं, मला तेवढं विचारायचं राहिलं."

त्यामुळे माझ्या मायनरचं प्रकरण शेवटी देवळात जाणार हे मला आधीच कळायला हवं होतं. पण मी अक्षता. माझं डोकं आधी तापतं आणि मग चालतं.

बीएस्सीला माझा मुख्य विषय केमिस्ट्री. नव्या धोरणात त्याच्या जोडीला एक छोटा विषय घ्यावा लागतो, तो मायनर. आमच्या कॉलेजच्या यादीत माझ्यासाठी दोनच होते. एक डेटा अ‍ॅनालिटिक्स, दुसरा उद्यानविद्या, म्हणजे फळझाडं, माती, रोपवाटिका. मुलं त्याला हॉर्टी म्हणतात आणि तो घेणाऱ्याला माळी म्हणतात. मला माळी व्हायचं होतं.

त्याचं कारण सुगंधा मॅडमचं डेमो लेक्चर. मॅडमनी प्रत्येकाला आंब्याचं एक कोवळं रोप, एक काडी आणि एक ब्लेड दिलं. रोपाचा शेंडा कापायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला पाचर करून चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. एवढंच. तीन आठवड्यांनी माझ्या काडीला तांबूस पानं फुटली. मी कॉलेजच्या गच्चीवर अक्षरशः ओरडले. प्रयोगशाळेत मी आजवर जे काही मिसळलं होतं, त्याचा एक तर चिखल झाला होता किंवा नुसता वास सुटला होता. माझ्या हातून काहीतरी जगलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "कलमं बांधायला तुला कॉलेजची फी भरून पाठवायचं? गावात लोक फुकट बांधतात."

"मग त्यांनी कधी मला शिकवलं का?"

"अगं, तुझे आजोबा त्या मातीतून सुटून मुंबईला आले, म्हणून आपण आज इथे आहोत. आणि तू परत मातीत हात घालणार? ऑफिसात कालचा पोरगा माझा साहेब झालाय. का, तर त्याला डेटा येतो. वाट लागली यार माझी. तुझी तरी नको लागायला."

बाबा वाईट नाहीत, नुसते घाबरलेले आहेत. पण फॉर्म भरताना ओटीपी जायचा पालकांच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल बाबा आठ दिवस उशीखाली घेऊन झोपत होते. मी दोनदा हात घातला. दोन्ही वेळा त्यांचं घोरणं बरोबर त्या क्षणी थांबलं.

आठ दिवस घरात भांडण चाललं. आईने जाहीर केलं की ती कोणाच्याच बाजूची नाही, पण जो जिंकेल त्याने भांडी घासावीत. नवव्या दिवशी आजोबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "देवाक इचारूया." झालं. आमच्या घरात याच्या वर अपील नाही.

कौल म्हणजे गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि ज्या बाजूची पाकळी आधी पडेल ते देवाचं उत्तर. आता पूर्वीसारखं गावाला जावं लागत नाही. गुरव धोंडूकाका व्हिडिओ कॉल लावतात. शुक्रवारी संध्याकाळी साडेचारची वेळ ठरली, कारण पाचला फॉर्म बंद होत होता. हॉर्टीच्या वीस जागांतल्या दोन उरल्या होत्या.

मी गुरुवारी दुपारी गुपचूप धोंडूकाकांना फोन केला. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी त्यांना तीन महिन्यांचं रिचार्ज मारून देते म्हणाले, आणि वर शास्त्रही शिकवलं. "काका, माझ्या विषयाच्या बाजूची पाकळी जरा कोरडी ठेवा. पाणी कमी असलं की लवकर सुटते."

"बाय गे," काका शांतपणे म्हणाले, "ह्या शास्त्र माझ्या खापरपणज्याक पण म्हायत होता."

"मग? कराल ना?"

"करतंय मां. पण तुझ्या बापाशीन सकाळीच फोन केल्यान. देवळाक नवो फॅन देतंय म्हणान सांगल्यान."

मी आ वासला. सत्याचे पुतळे, आमचे बाबा! "मग तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"होय सांगलंय."

"आणि मला?"

"तुका पण होय सांगलंय. देवाच्या दारात कोणाक नाय म्हणाचा नसता." आणि फोन ठेवण्याआधी म्हणाले, "पाकळी कशी पण लाव, पडतली ती तेच्याच मर्जीन."

शुक्रवारी बाबांनी घरून काम घेतलं. साडेचारला आम्ही सगळे टीव्हीसमोर. बाबांनी फोन टीव्हीला जोडला होता, कारण देव मोठा दिसायला हवा. आजोबा टोपी घालून खुर्चीत बसले होते. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, मी बाबांकडे बघत नव्हते. लाच दिलेली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत.

काकांनी फोन एका तांब्याला टेकवून देवासमोर ठेवला आणि पाकळ्या चिकटवल्या. मग बाजूला उभे राहून हात जोडून त्यांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! मुंबैक ऱ्हवणाऱ्या तुझ्या लेकरांच्या घरात मायनरची भानगड झालेली आसा. मायनर म्हंजे काय ता माका ठावक नाय, तुका ठावक आसतला. पोरीन कंप्युटराचा शिकूचा, असो तुझो हुकूम आसात तर उजवो कौल दी. कलमांचा शिकूचा आसात तर डावो दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. आईसुद्धा म्हणाली, स्वयंपाकघरातून, जरा उशिरा.

पाकळ्या हलेनात. पाच मिनिटं गेली, सात गेली. घड्याळात चार अडतीस, चार बेचाळीस. मी ओठ चावत होते. बाबांनी सोफ्याच्या उशीचा एक कोपरा पूर्ण पिळून काढला होता. चार शेहेचाळीसला एक पाकळी थरथरली, घसरली आणि पडली.

पडद्यावर ती डाव्या बाजूला पडली. तेवढ्यात चित्र गोठलं आणि कॉल तुटला. गाभाऱ्यात रेंज जेमतेमच येते.

बाबा उभे राहिले. "थांबा. थांबा हं. कॅमेरा उलटं दाखवत असेल." ऑफिसच्या मीटिंगा घेऊन घेऊन या विषयात ते तज्ज्ञ झालेत. त्यांनी आपला फोन घेतला, उजवा हात वर केला, डावा केला, आईला समोर उभं करून तिचेही हात वर करायला लावले. आईच्या एका हातात झारा होता. मग त्यांचा चेहरा पडला. "नाही. आपलं आपल्याला दिसतं ते उलटं असतं. समोरच्याचं सरळ येतं. म्हणजे डावी ती डावीच."

कॅमेऱ्याच्या बाबतीत बाबा शंभर टक्के बरोबर होते. देवाच्या बाबतीत चुकले होते. कौलात उजवं-डावं मोजतात ते बघणाऱ्याचं नव्हे, देवाचं. देव आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे आपल्याला डावीकडे दिसते ती त्याची उजवी. गावाला कौल लावायचा असला की बाबा बाहेर मंडपात फोनवर असतात, आणि आजोबांच्या शेजारी फुलांचं तबक धरून मी उभी असते. म्हणून मला ठाऊक होतं. कौल उजवा होता. देवाने मला कंप्युटर दिला होता.

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. लाज वाटली, खरंच वाटली. पण त्या लाजेच्या अंगावर आनंद असा काही पसरून बसला की ती बिचारी खाली दिसेनाशी झाली.

मग माझं लक्ष आजोबांकडे गेलं. या खोलीत दुसरे जाणकार तेच होते. आणि हा माणूस गिरणीच्या संपात घरात तांदूळ नव्हते तेव्हाही देवाचा वर्षाचा नारळ चुकला नव्हता म्हणून सांगणारा. देवाच्या बाबतीत थापा मारणं त्यांच्या रक्तातच नाही.

बाबा त्यांच्याकडेच वळले. "अप्पा, तुम्ही बघितलात ना नीट? डावाच ना?"

आजोबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, परत घातला. एवढ्यात माझं वजन दोन किलो उतरलं असेल.

"डावो," ते म्हणाले.

बाबा मटकन बसले. मी मनात म्हटलं, आता ते देवाशीही वाद घालतील. पण नाही. त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "भर फॉर्म. ओटीपी सांगतो." त्यांनी सहा आकडे दु:खद बातमी वाचावी तसे वाचले. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी माझं नाव हॉर्टीत गेलं. जागा एकच उरली.

"घे," बाबा म्हणाले. "हो माळीण. पण पहिली आलीस तरच ऐकून घेईन." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

इतक्यात फोन परत वाजला. पडद्यावर धोंडूकाकांचं नाव. ते रेंजसाठी देवळाबाहेर आले असणार आणि निकाल सांगायला फोन करत असणार. बाबा हात पुढे करणार, तोच आजोबांनी फोन उचलला. "मी बोलतंय तेच्याशी," असं म्हणून ते गॅलरीत गेले आणि मागे काचेचं दार ओढून घेतलं. या माणसाने आयुष्यात स्वतःहून कधी मोबाइल उचललेला मी पाहिला नव्हता.

दोन मिनिटांनी कपडे वाळत घालण्याच्या मिषाने मीही गॅलरीत गेले. बादलीत एकच मोजा होता.

"...रे धोंडू, दिसला माका," आजोबा हळू आवाजात म्हणत होते. "उजवोच. आंधळो नाय झालंय. पण तू कोणाक सांगू नको. फॅन घी, रिचार्ज घी, आणि गप ऱ्हव." त्यांनी फोन ठेवला आणि मागे बघितलं.

रिचार्जचंही त्यांना कळलं होतं. धोंडूकाकांच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.

"आजोबा, तुम्ही खोटं बोललात."

"तू पण."

"मी काहीच बोलले नाही!"

"ताच मां."

समोर नॅशनल पार्काचा डोंगर हिरवागार दिसत होता. आजोबा तिकडे बघत उभे राहिले. मी मोजा चिमट्यात अडकवला, काढला, परत अडकवला.

"पण देवाने उजवा दिला होता," मी म्हणाले. "तुम्ही तर त्याचं कधी मोडत नाही."

"मोडूक नाय कदी," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांचो होतंय. बापाशीन कौल लावल्यान, पोराक मुंबैक धाडू की गावाक ठेवू. मुंबै दिल्यान. दुसऱ्या दिवशी इलंय, गिरणीत लागलंय. सत्तावन्न वर्षां झाली. वायट काय झाला नाय, हां. घर झाला, तुझो बापूस झालो, तू झालंस. तेका नाव ठेवूचा नाय माका."

"मग?"

"माका कलमा बांधूची होती," आजोबा म्हणाले.

हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या समोर बसून चहा पितो, आणि हे मला आज कळत होतं. आठ दिवस मी घरभर माझ्या पाचरीचं, माझ्या पट्टीचं, माझ्या तांबूस पानांचं गाणं लावलं होतं. पेपरामागे बसून ते सगळं ऐकत होते.

"आणि देव रागावला तर?" मी विचारलं.

"गणपतीक गावाक गेलंय काय तेका सांगतंय. माझो गुन्हो, पोरीचो नाय. सत्तावन्न वर्षां तेचा आयकलंय, एकदा तेणा माझा आयकूक काय हरकत?"

आत आई भांड्यांवरून बाबांशी वाद घालत होती. हरलेल्याने घासायची की जिंकलेल्याने, यावर तिने आपलं मत बदललं होतं. मी आत जायला वळले तर आजोबांनी माझी ओढणी धरली.

"तुझो तो वर्ग कदी सुरू होता?"

"सोमवारी."

"दोन वह्यो घेवन ये," ते म्हणाले. "माझी रेघांची बघ. अक्षर आता सरळ येणा नाय."