पाठीमागचा चेहरा

"बाई, मुखवटा कुठी गेला?" प्रेमिलानं खुंटी चाचपली, कोठीमागे पाहिलं. विळा होता, शिदोरी होती; मुखवटा नव्हता.

तिची सासू मनकर्णाबाई चुलीपाशी होती. "डिंपल घेऊन गेली. शाळेत आज भुताचा दिवस हाय म्हणे. हॅलोवीन का काय. डरावना चेहरा लावून बोलावलं."

"अन् तुमी नेऊ देला?"

"मले का मालूम, तू आज वावरात जाऊन राह्यली म्हून?"

प्रेमिलानं विळा उचलला. कॉन्व्हेंटवाल्यांना भुतांची हौस! इथे वाघाच्या भीतीनं सहालाच दारं लागतात. जंगल खात्यानं घरटी एक मुखवटा दिला होता, मिशीवाल्या हसऱ्या माणसाचा. वाघ मागून झडप घालतो, म्हणून तो डोक्याच्या मागे बांधायचा. पण घरात तो आला तिचा नवरा केवळराम याला वाघानं नेल्यावर महिन्याभरानं. गेल्या वर्षी जंगलाकडच्या बांधीत, धानाच्या खाचरात, केवळराम एकटाच कापणी करत होता; ती पोंभुर्ण्याच्या बाजाराला गेली होती. त्याबद्दल तिनं स्वतःला अजून माफ केलेलं नव्हतं.

"आज राहू दे," सासू म्हणाली.

"कसं राहू देऊ? रात्री डुकरांनी अर्धी बांधी लोळवली. आज नाई कापलं तं वर्षभर खाऊ काय? त्या बांधीत मजूर बी येत नाई!"

मग तिची नजर भिंतीकडे गेली. केवळरामचा लॅमिनेशन केलेला फोटो, समोर रोखून बघणारा. तिनं तो खाली काढला.

"त्याले तिथी नोको नेऊ व पोरी," मनकर्णाबाई कळवळली.

"मंग कोणाले नेऊ?"

म्हातारी उठली आणि लेकाचा फोटो सुनेच्या डोक्यामागे तिनंच सुतळीनं बांधून दिला.

बांधीत प्रेमिलाला एकच घोर. वाकलं की फोटो आभाळाकडे बघायचा. चार मुठी कापल्या की ती ताठ उभी राहायची, त्याला जंगल दिसावं म्हणून. "पाहून राह्यले ना तुमी?" ती रडत विचारायची आणि पुन्हा वाकायची. दिवस कलेपर्यंत जीव मुठीत धरून तिनं निम्मंच धान आडवं केलं.

घरी आली तेव्हा डिंपल अंगणात मुखवटा घेऊन बसली होती. "मॅडम म्हणे, यात डरावनं काय हाय? मी सांगतली, याले वाघ भेते. तं सारे हासले."

प्रेमिलानं पाय धुवायला पाठ फिरवली आणि पोरीला समोर बाप दिसला. ती जागच्या जागी थबकली.

"आई, बाबा भेला का तिथी?"

मनकर्णाबाईनं सुनेच्या डोक्यामागची गाठ सोडली.

"नाई भेला," ती नातीला म्हणाली. "तवा एकटा होता. आज तुई माय संग होती."

तिनं पदरानं फोटोवरची धूळ पुसली. सुतळीत धानाची एक लोंबी अडकली होती. ती तशीच राहू देऊन तिनं फोटो पुन्हा भिंतीवर लावला.