शकूच्या पुस्तकातलं लग्न

कोपरच्या मिठागरांवर गुणाजी आणि सखुबाई मीठ ओढायचे. त्यांना दोन मुली, थोरली बायजा आणि धाकटी शकू. आगगाडी कल्याणला येऊन तेव्हा पंचवीस-तीस वर्षं झाली होती.

शकू आठ वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळायची नाही. चार माणसं एकदम बोलू लागली की कानांवर हात दाबून गोल गोल फिरायची. पोरीला बाहेरचं झालंय, असं गावात म्हणत. सखुबाईने अंगारे-धुपारे करून पाहिले आणि मग सोडून दिले. "हाय तशी हाय," ती म्हणायची, "माझी हाय."

सखुबाईचा भाऊ काळुराम कल्याण स्टेशनात सांधेवाला होता. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तसे तो सांधे बदलायचा. एका मास्तरांच्या मागे लागून तो मोठेपणी वाचायला शिकला होता. सुटीला तो रुळांच्या कडेने चालत बहिणीकडे यायचा. एकदा येताना त्याने कल्याणच्या बाजारातून प्राण्यांच्या गोष्टींचं छापील पुस्तक आणलं, आणि पडवीत बसून, अक्षरांवर बोट ठेवत, मोठ्याने वाचू लागला. कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, आलेली विद्या जाऊ नये म्हणून.

अंगणात फिरणारी शकू थांबली. पडवीच्या कडेला त्याच्याकडे पाठ करून बसली. त्याचं वाचणं एका सुरातलं, अडखळत, पण संथ होतं. गोष्ट संपली तेव्हा ती उठली, पानं उलटून पुस्तक पहिल्या पानावर आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने पुन्हा तीच गोष्ट वाचली. तिन्हीसांजेपर्यंत तीच वाचत राहिला.

पुढे पावसाळ्यात गुणाजीचे भाऊबंद घरी आले होते. बांध कुणी घालायचा यावरून आवाज चढले. तेवढ्यात शकू स्वच्छ शब्दांत म्हणाली, "दादा, जरा हळू चला."

पुस्तकात कासव सशाला असं म्हणतं. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. गुणाजीला हसू आलं, पण सखुबाईने त्याचा हात धरला.

"हसू नका. तिला गलबला सोसत नाय. तेच सांगते हाय ती."

माणसं हळू बोलू लागली आणि शकूचे हात कानांवरून खाली आले.

त्या दिवशी घराला किल्ली सापडली. तहान लागली की शकू पुस्तकातल्या कावळ्यासारखं म्हणायची, "तळं आटलं, आता कुठे जायचं?" मग बायजा तिला पाणी द्यायची. गुणाजीला अक्षर येत नव्हतं, तरी जेवायला हाक मारताना तोही म्हणायचा, "कोल्हेदादा, ताट वाढलं आहे." शकू लगेच पाटावर येऊन बसायची. इतकं शुद्ध बोलणं गुणाजीने जन्मात केलं नव्हतं.

उन्हाळ्यात बायजाचं लग्न ठरलं. मुलगा खाडीपलीकडचा, नाव नाथा. भाऊबंद म्हणाले, वाजंत्री वाजली की पोर बिथरेल, तिला तेवढे दिवस ठाण्याला आत्याकडे ठेवा.

"शकू नसली तर मी हळद लावून घेणार नाय," बायजा म्हणाली.

काळुरामने एक युक्ती केली. पुस्तक उघडून त्याने वाचल्यासारखं केलं, "बायजाचं लग्न आहे. मग वाजंत्री येतील." शकूने त्याचं बोट धरलं आणि पानावरच्या ओळीवर नेऊन ठेवलं. तिथे ससा होता, वाजंत्री नव्हती. तिला सगळं पुस्तक पाठ होतं.

"पकडलं मना पोरीनं," काळुराम बहिणीला म्हणाला. "आता खरंच लिहावं लागेल."

त्याने कागद आणले, दौत आणि बोरू आणला आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लग्न लिहून काढलं. कोण कुठे बसेल, हळद कशी गार लागेल, वाजंत्री किती मोठ्याने वाजेल आणि कधी थांबेल, सगळं. सखुबाईने ती पानं पुस्तकात शिवून टाकली. शकूने शिवण बोटाने तपासली, मग ऐकायला बसली. लग्नापर्यंत रोज तेच वाचन चाललं.

लग्नाच्या दिवशी ती पुस्तक छातीशी धरून उंबऱ्यात बसली. वाजंत्री वाजली तेव्हा तिने डोळे मिटले, पण पळाली नाही. वाजवणारे मात्र रंगात आले होते. शकू उठून मांडवात आली.

"मग वाजंत्री थांबतील," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा, मोठ्याने म्हटलं.

म्हाताऱ्या दगडूने तोंडातली सनई काढली. "पुस्तकात लिवलंय तर थांबाया पायजे," तो म्हणाला.

"मग धवलारीण गाईल," शकू म्हणाली, आणि लग्नाची गाणी म्हणणारी ती बाई हसत हसत गाऊ लागली. पुढचं सगळं लग्न शकूच्या सांगण्याने लागलं. वऱ्हाडी तर पुढचं वाक्य ऐकायला तिच्याभोवती गोळा झाले, तेही न ढकलता.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "सगळे पोटभर जेवतील." जेवणं झाली आणि बायजा खाडीकडे निघाली. होडीपाशी शकूने काळुरामला पुस्तक दिलं आणि त्याचं बोट खालच्या कोऱ्या जागेवर ठेवलं. बायजाची पाठवणी लिहायला त्याचा हातच धजला नव्हता.

बायजा होडीत चढेना. सखुबाईने धावत जाऊन दौत आणि बोरू आणला. ओहोटी लागली होती, तरी होडीवाल्याने होडी धरून ठेवली. काळुराम होडीच्या काठावर पुस्तक टेकवून लिहू लागला आणि लिहिता लिहिता वाचू लागला, "बायजा होडीत बसेल. नाथाच्या घरी जाईल. मग शकू तिच्याकडे राहायला जाईल."

शकूने वर बघितलं. "कवा?"

पुस्तकात सगळीकडे "कधी" होतं. "कवा" घरातलं होतं, तिचं स्वतःचं. सखुबाईने तोंडाला पदर लावला.

उत्तर नाथाने दिलं. "गौरीला. मी सोता नेयाला येन."

"लिही काळू," सखुबाई म्हणाली, "लिही लवकर."

नाथा बोलल्याप्रमाणे आला. शकू होडीत बसून गेली आणि बायजाच्या सासरी अशी रमली की गौरी विसर्जन झालं तरी निघेना. नाथाच्या आईला तिच्या गोष्टींची गोडी लागली होती. भाताला पाणी घालता घालता ती म्हणायची, "आता ती कोल्ल्याची सांग," आणि शकू, तिच्याकडे पाठ करून, पहिल्या शब्दापासून सुरू करायची.