एकाच गाठीच्या पेशी

सफाक्स शहरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यामागे प्रयोगशाळा होती. तिथे काम करणाऱ्या दोर्राने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दोन्ही प्लेट पुन्हा पुन्हा पाहिल्या.

खाली एका कुत्रीच्या स्तनातल्या कर्करोगाच्या पेशी होत्या. कडक प्लास्टिकवर त्या नेहमीसारख्या हातपाय पसरून एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. पण त्याच गाठीतल्या काही पेशी तिने दहा दिवसांपूर्वी मऊ जेलमध्ये ठेवल्या होत्या. शरीरात पेशींभोवती तंतूंचं जाळं असतं, तसलं ते जेल. तिथे मात्र त्या गोल, नेटक्या गोळ्यांमध्ये शांत बसल्या होत्या, जशी काही निरोगी दूधग्रंथीच!

तिने आपल्या वरिष्ठांना, सी मोंजींना, बोलावलं; 'सी' म्हणजे तिकडचं 'साहेब'. तीस वर्षं जनावरांच्या गाठी कापत आलेला माणूस. पाहताच भडकले.

"पोरी, नमुने उलटेपालटे केलेस! या चांगल्या पेशी आहेत."

"नाही केले, सी मोंजी."

"मग कर्करोगाला अक्कल आली म्हणतेस?"

"पुन्हा करू. चिठ्ठ्या तुम्हीच लावा. कुठली प्लेट कसली, मला सांगूच नका."

त्यांनी तसंच केलं. निकाल तोच आला. मग त्यांनी हट्टाने जेल खऱ्या गाठीइतकं कडक करायला लावलं आणि ते शांत गोळे त्यात ठेवले. चौथ्या दिवशी गोळ्यांच्या कडा फुटल्या होत्या, पेशी चहूकडे सरकत निघाल्या होत्या.

सी मोंजींचा चेहरा पांढराफटक पडला. "त्याच पेशी?"

"त्याच."

"म्हणजे पेशी कशा वागतील ते भोवताल ठरवतो! गाठ तपासायला पाठवायचो, पण भोवतालचं मांस सरळ बादलीत. तीस वर्षं, दोर्रा!"

दोर्राला आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात मात्र आई होती.

"माझ्या आईच्या स्तनातली गाठ काढलीय ना," ती म्हणाली. "तिथला व्रण दगडासारखा कडक लागतो."

"कुत्रीचं माणसाला लावू नकोस," ते दरडावून म्हणाले, पण तिच्याकडे न बघता. मग हळूच पुटपुटले, "तिला डॉक्टरकडे दाखवून मात्र आण."

पुढच्या सोमवारपासून शस्त्रक्रियेच्या खोलीतून प्रत्येक गाठीबरोबर भोवतालच्या मांसाची बाटलीही प्रयोगशाळेत येऊ लागली. दोर्राने आईसाठी डॉक्टरची वेळ घेतली. का, ते आईला सांगायचा धीर तिला अजून झाला नव्हता.